पंपरूममधून चौथ्या मजल्यावर

मी मीरा रोडला घरं दाखवते. भाड्याची जास्त, विकायची कमी. दुकानावरच्या पाटीवर ‘इस्टेट कन्सल्टंट’ असं लिहिलंय, पण सगळे एजंटच म्हणतात आणि मलाही तेच बरं वाटतं. या धंद्यात बायका थोड्या. त्यातून मराठवाड्यातून आलेली, बौद्ध घरातली बाई मला तरी इथे अजून दुसरी भेटलेली नाही. लोक विचारतात, या लाइनीत कशा आलात? मी सांगते, राग आला म्हणून आले.

लग्न झालं तेव्हा नवरा काशीमिऱ्याला एका औषधाच्या गोडाऊनमध्ये कामाला होता. तिथेच एका गॅरेजच्या मागे आमची खोली होती. ट्रक रिव्हर्सला लागला की मांडणीवरची भांडी थरथरायची. मुलगी झाली आणि तिला दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण आधी हिला या धुरातून बाहेर काढा. मग आम्ही फ्लॅट शोधायला लागलो. तोवर मला वाटायचं की घर मिळायला पगार लागतो, डिपॉझिट लागतं. ते दोन्ही कसंबसं जमलं होतं.

पहिलं घर बघितलं ते बेव्हर्ली पार्कला. वन बीएचके. मालक म्हणजे गिरगाव सोडून इकडे आलेलं वयस्कर जोडपं. एक फ्लॅट राहायला, दुसरा भाड्याने द्यायला. काकू इतक्या छान बोलल्या की मला माझ्या मावशीची आठवण झाली. “बरं झालं बाई, आपली मराठी माणसं मिळाली. इकडे मराठी ऐकायलाच मिळत नाही,” म्हणाल्या. चहा टाकला. मुलीच्या हातात बिस्किट दिलं. बाल्कनीत नेऊन ऊन कुठून येतं, कपडे कुठे वाळत घालायचे, सगळं दाखवलं. मी मनातल्या मनात पाळणाही बांधून टाकला.

मग काकांनी आडनाव विचारलं. नवऱ्याने सांगितलं.

“मूळ गाव?”

तेही सांगितलं.

“हं. म्हणजे तुम्ही...” काकांनी वाक्य तिथेच सोडलं. नवरा म्हणाला, “हो, आम्ही बौद्ध.” काकू कप उचलून आत गेल्या, त्या परत बाहेर आल्याच नाहीत. काकांना एकदम आठवलं की त्यांचा भाचा इथे राहायला येणार होता. त्याला विचारून कळवतो म्हणाले. मुलगी बाल्कनीतून यायला तयार नव्हती. तिला ओढून आणावं लागलं, आणि तिच्या रडण्यामुळे आमचं काही बोलायचं राहून गेलं.

खाली आल्यावर आमचा एजंट म्हणाला, “वहिनी, राग मानू नका. पुढच्या घरी आडनाव मी सांगतो. तुम्ही फक्त हसा. गावाच्या नावापुढे ‘कर’ लावला की झालं. सगळेच करतात.”

“आणि मुलीला शाळेत कुठल्या नावाने घालायचं?”

“ते नंतरचं नंतर बघू.”

“नंतरचं राहू द्या,” मी म्हटलं, “आता तुम्हीपण राहू द्या.”

नवरा रिक्षात बसल्यावर म्हणाला, “अगं, तो आपल्या भल्याचंच सांगत होता.” मला ते माहीत होतं. राग त्याचाच जास्त आला होता. खोटं बोलायचं आम्ही, आणि लाज वाटायला हवी ती दुसऱ्यांना, हा कुठला हिशेब?

त्यानंतर आम्ही स्वतःच फिरलो. कुठे मटण आडवं आलं, कुठे मासे. कुठे त्यांना ट्रान्सफरची नोकरी असलेलेच भाडेकरू हवे होते, कुठे घराला अचानक रंग काढायचा होता. एका बाईंनी तर आमच्या हॉलमध्ये कुठला फोटो लागणार, एवढंच विचारलं. मी म्हटलं, निळ्या कोटातला. पुढे काही बोलावं लागलं नाही. फिरता फिरता मला एक गोष्ट कळली. नाही म्हणणारा माणूस खरं कारण कधीच तोंडाने उच्चारत नाही. ते आपण आपलं समजून घ्यायचं, आणि तेही हसतमुखाने.

शेवटी खोली मिळाली ती मुर्ध्याला. बंद पडलेल्या मिठागरांच्या बाजूला एका गाववाल्या मावशीच्या घरामागे दोन खोल्या होत्या. आम्ही गेलो तेव्हा ती ओट्यावर सुकट निवडत बसली होती. मी भांडायच्याच तयारीने गेले होते. तिने काही विचारायच्या आधीच मी आमचं आडनाव, गाव, जात, सगळं एका दमात सांगून टाकलं.

मावशीने मान वर करून माझ्याकडे बघितलं. “ते मना कशाला सांगतेस? आडनाव भाडा देनार हाय का तू देनार हायेस?”

“मी देणार.”

“मासली खाताव ना?”

“खातो.”

“मंग रव्हा. न्हाय खात अस्ताव तर वासाचा तरास झाला अस्ता.”

ती खोली चांगली होती असं मी म्हणणार नाही. वर पत्रा. खारट हवेने खिडकीचे गज इतके खाल्लेले की पोरीने धरून ओढलं तर हातात येतील. उधाणाच्या भरतीला पाणी उंबऱ्यापर्यंत यायचं. शेजारच्या खोलीत समोरच्या टॉवरचं प्लास्टर करणारी बंगाली माणसं राहायची. एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी त्याच चटयांवर झोपायची. टॉवरच्या जाहिरातीत खाडीचं पाणी निळंशार दाखवलेलं होतं, ते बघून ती पोरं खूप हसायची. पण मुलीचा दम थांबला. आणि त्या ओट्यावर बसून मला कधी कुणी काही समजून घ्यायला लावलं नाही.

भाईंदरच्या बाजारात ओळखी झाल्या तशा बायका विचारायला लागल्या, आमच्यासाठी पण खोली बघ ना. घरकाम करणाऱ्या, पापड लाटणाऱ्या, पार्लरमध्ये काम करणाऱ्या. कुणी बिहारची, कुणी कोकणातली, कुणी आमच्या परभणीकडची. मी चार ठिकाणी विचारून लावून द्यायला लागले. हे मीरा रोडच्या एका गुजराती शेठच्या कानावर गेलं. त्यांचं स्टेशनजवळ एजंटचं दुकान होतं. ते म्हणाले, “बेन, लेडीज पार्टीला तुमच्याबरोबर भरवसा वाटतो. माझ्याकडे एक टेबल रिकामं आहे. बसा.” मी बसले.

शेठनी मला धंदा शिकवला. बिल्टअप आणि कार्पेटमध्ये माणूस कसा फसतो, ॲग्रीमेंट कसं रजिस्टर होतं, पोलीस व्हेरिफिकेशनला काय लागतं, सगळं. एक गोष्ट मात्र मी त्यांच्याकडून शिकले नाही. मालकांचे फोन यायचे. “फॅमिली चालेल. व्हेज असेल तर बरं. आणि ते... समजून घ्या ना मॅडम.”

“नाही समजलं. नीट सांगा, मला पार्टीला सांगावं लागतं.”

“अहो, म्हणजे आमच्या सोसायटीत कसं आहे...”

“कोण नको ते सांगा. नाव घेऊन सांगा. मी लिहून घेते.”

समोरचा माणूस खाकरायचा. कुणी फोन ठेवायचं. कुणी म्हणायचं, “जाऊ द्या, चांगले असतील तर कोणीही आणा.” आणि असं म्हणणारे मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त निघाले. शेठ कपाळाला हात लावायचे, “बेन, तुम्ही माझं दुकान बंद करणार.” दुकान बंद झालं नाही. ज्यांना कुणी घर देत नाही त्यांची इथे कमी नाही, आणि ते सगळे माझ्या टेबलासमोर यायला लागले. पुढे शेठ गावी गेले आणि जाताना दुकान मलाच चालवायला देऊन गेले.

आता जे सांगायचंय ते हे.

स्टेशनपासून चालत जाता येईल अशी एक सात मजली जुनी सोसायटी आहे. तिथे मी बरेच फ्लॅट दाखवलेत. गेटवर एक नेपाळी वॉचमन होता. त्याचं खरं नाव बिल्डिंगमध्ये कुणाला माहीत नव्हतं. सगळे नेपाळी वॉचमनला जी एक ठरलेली हाक मारतात तीच मारायचे. मी काका म्हणायचे. तो, बायको आणि मुलगी पंपरूममध्ये राहायचे.

पंपरूम म्हणजे काय ते सांगते. जिन्याखालून दोन पायऱ्या उतरून एक खोली. अर्ध्या खोलीत पाणी वर चढवायची मोटर. उरलेल्या अर्ध्यात एक खाट, गॅस आणि पत्र्याच्या ट्रंका. एका भिंतीवर सगळ्या बिल्डिंगचे इलेक्ट्रिकचे मीटर. खिडकी नाही. मोटर लावली की बोलायचं थांबवावं लागायचं. मी एकदा तिथे चहा प्यायला बसले, तर जमिनीतून ती घरघर माझ्या दातांपर्यंत आली. पावसाळ्यात गटार तुंबलं की पाणी आधी तिथे शिरायचं, मग सोसायटीला कळायचं. संडास बाहेर, ड्रायव्हर लोकांचा. मुलगी वयात आल्यापासून आई तिच्याबरोबर जाऊन बाहेर उभी राहायची.

त्या मोटरीशेजारी बसून मुलगी शिकली. पालिकेच्या मराठी शाळेत, मग कॉलेजला, मग ऑपरेशन थिएटरमधल्या टेक्निशियनचा कोर्स. भाईंदरच्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये तिला नोकरी लागली. पगार सुरू झाला तशी एके दुपारी ती माझ्या दुकानात आली.

“काकू, घर पाहिजे. भाड्याने.”

“बस. कुठे बघू? भाईंदर ईस्टला जरा स्वस्त पडेल.”

“नाही. आमच्याच बिल्डिंगमध्ये.”

मी तिच्याकडे बघितलं. तिथे चौथ्या मजल्यावरचा एक वन बीएचके रिकामा होता, आणि तो माझ्याकडेच आला होता. तिला ते माहीत होतं.

“आईने आयुष्यभर त्याच बिल्डिंगमध्ये धुणीभांडी केली,” ती म्हणाली. “तिला तिथल्या प्रत्येक घरातला ओटा माहितीये. बाबांनी गेट सांभाळलं. तिथे माझी शाळा झाली, मैत्रिणी झाल्या. मी दुसरीकडे का जाऊ? भाडं देणार आहे ना मी.”

“तुझे बाबा काय म्हणतात?”

“घाबरलेत.”

मी पण जरा घाबरले, खरं सांगायचं तर. पण तिच्या तोंडून ‘दुसरीकडे का जाऊ’ हे ऐकलं आणि माझ्या अंगात काहीतरी चढलं. मी तिच्यासमोरच मालकीणबाईंना फोन लावला.

मालकीणबाई निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या होत्या. बोलायला फटकळ. मी लपवाछपवी केली नाही. कोण मुलगी, कुणाची मुलगी, कुठे नोकरी, सगळं सांगितलं.

“भाडं वेळेवर देईल?”

“देईल.”

“घर नीट ठेवेल?”

“तिच्या आईनेच तुमचं घर पुसलंय. तुम्हीच सांगा.”

त्या हसल्या आणि हो म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन आला. आवाज बदललेला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्यांना गाठलं होतं. बँकेतून निवृत्त झालेला मराठी माणूस, बोलणं मऊ, कपडे नेहमी इस्त्रीचे.

“अहो, ते म्हणतायत की बिल्डिंगचा भाव पडेल. उद्या विकायला काढला तर गिऱ्हाईक विचारेल, वरती वॉचमन राहतो का?”

“बाई, मी या धंद्यात आहे,” मी म्हटलं. “भाव मेट्रो येणार म्हटल्यावर चढताना पाहिलाय. पाण्याची बोंब झाल्यावर पडताना पाहिलाय. चौथ्या मजल्यावर कुणाची पोरगी राहते याने पडलेला मी अजून पाहिला नाही.”

त्या म्हणाल्या, “सेक्रेटरींनाच नको आहे ना ते?”

“जास्त करून त्यांनाच.”

“माझ्या पार्किंगच्या जागेत स्वतःची स्कूटर लावतात ते. मी सांगून सांगून थकले, कधी ऐकलं नाही माझं. द्या त्या मुलीला घर. करा ॲग्रीमेंट.”

माणूस कशासाठी चांगला वागेल याचा काही नेम नाही. मी देवाचे नाही, त्या स्कूटरचे आभार मानले.

ॲग्रीमेंट झालं. कॉपी सोसायटीला दिली तेव्हा कमिटीने आम्हाला मीटिंगला बोलावलं. सोसायटीचं ऑफिस पंपरूमला लागूनच. भिंतीपलीकडे मोटर चालू होती आणि अलीकडे खुर्च्यांवर पाच-सहा माणसं. सेक्रेटरी होते, कापडाचे व्यापारी असलेले चेअरमन होते, बाकीचे मान डोलवायला. मी, ती मुलगी आणि तिची आई उभ्या. कुणी बसा म्हणालं नाही, म्हणून मीच कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या ओढल्या. आई बसली नाही. त्या ऑफिसात ती रोज फरशी पुसायची.

सेक्रेटरींनी मुलीला हिंदीत सुरुवात केली. “देखो बेटा, हम तुम्हारे खिलाफ नहीं हैं...”

“काका, मराठीत बोला ना,” ती म्हणाली. “मी इथल्याच शाळेत शिकलेय. तुम्हीच एकदा बक्षीस दिलं होतं मला, निबंधाचं. आपल्याच गणपतीत.”

ते जरा अडखळले. “हां, हां. तर मुद्दा तुझा नाही गं. मुद्दा शिस्तीचा आहे. आज तुम्ही, उद्या सगळे वॉचमन...”

“उद्या सगळे वॉचमन काय करतील?” मी विचारलं.

“फ्लॅट मागतील.”

“मागू देत. भाडं देतील, मेंटेनन्स सुटेल. इथे रिकामे फ्लॅट कमी आहेत का?”

चेअरमन मध्ये पडले. “मैडम, आप समझिए ना. लिफ्ट है, मेहमान आते हैं, फैमिली वाले लोग हैं...”

“समजून घ्यायचं मी केव्हाच सोडलंय, शेठ. हीसुद्धा फॅमिलीच आहे. आई, बाप, मुलगी. अजून काय पाहिजे फॅमिलीत?”

सेक्रेटरींचा मऊ आवाज जरा कडक झाला. “एनओसी मिळणार नाही.”

“मागितलीच नाहीये. मालकीणबाईंनी सोसायटीला कळवलंय. ॲग्रीमेंट दिलंय, पोलीस व्हेरिफिकेशन दिलंय. मालकाने कळवायचं असतं, तुमची परवानगी मागायची नसते.”

“नियम आम्हाला शिकवू नका.”

“मग वाचा. तुमच्याच कपाटात असतील.”

भिंतीपलीकडे मोटर थांबली. मग त्यांनी दुसरा रस्ता धरला. एक मेंबर म्हणाले, आपण माणुसकीने विचार करू. पंपरूममध्ये टाइल्स लावून देऊ. एक्झॉस्ट फॅन बसवू. एवढी वर्षं राहिलात, आणखी काय पाहिजे? सगळ्यांच्या चेहऱ्यावर समाधान आलं, जणू प्रश्न सुटला.

तोवर एक शब्द न बोललेली आई पुढे झाली. “पंखा नहीं चाहिए, साब,” ती म्हणाली. “खिड़की चाहिए.”

खिडकी तिथे बसणारच नव्हती. जिन्याखालच्या त्या खोलीला एका बाजूला हे ऑफिस होतं, बाकी बाजूंना माती.

मग त्यांनी गेटवरून काकांना बोलावलं. तो युनिफॉर्मची टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. चेअरमन म्हणाले, “तेरे को हमने क्या कम किया?” सेक्रेटरी म्हणाले, “नोकरीचा विचार कर.” ते अगदी हळू म्हणाले, पण खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं. मला त्या माणसाचा चेहरा आठवतो. त्याला पळून जावंसं वाटत होतं. त्याने बायकोकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, भिंतीकडे बघत होती. मुलगी मात्र बापाकडे एकटक बघत होती, आणि तिच्या नजरेत विनवणी नव्हती, धाक होता.

“बेटी जहाँ बोलेगी, वहाँ रहेंगे, साब,” तो म्हणाला आणि टोपी घालून परत गेटवर गेला.

रविवारी सकाळी त्यांनी सामान हलवायचं ठरवलं. मी नवऱ्याला घेऊन गेले. लिफ्टवर कागद चिकटवलेला, ‘दुरुस्तीसाठी बंद’. आदल्या संध्याकाळी तीच लिफ्ट चालू होती, मी स्वतः तिच्यातून गेले होते. मुलीने कागद वाचला, ओढणी कमरेला बांधली आणि म्हणाली, “जिना आहे ना.”

सामान ते किती असणार. ट्रंका, खाट, शेगडी, कुकर, पुस्तकांची गोणी. पण चार मजले. नवऱ्याने सिलिंडर खांद्यावर घेतला. मी आणि आईने ट्रंक धरली, प्रत्येक वळणावर खाली ठेवत वर नेली. काकांना ड्यूटीवरून हलायचं नाही असं सांगितलं होतं, म्हणून तो गेटवर उभा राहून आपलंच घर आपल्यासमोरून जाताना बघत होता. दुसऱ्या मजल्यावर शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी दार उघडलं, पाण्याचा जग आणि पेले बाहेर स्टुलावर ठेवले आणि दार उघडंच ठेवलं. बाकीची दारं लोटलेली होती. आतून टीव्हीचे आवाज येत होते.

आम्ही शेवटची फेरी करत होतो तेव्हा चेअरमनच्या बायको बाजारातून आल्या. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, गुडघे आधीच दुखरे. त्यांचं घर सहाव्यावर. लिफ्टवरचा कागद बघून त्या अशा काही ओरडल्या की सेक्रेटरी ऑफिसातून धावत बाहेर आले.

“कब से बंद है? कौन आया रिपेअर करने? मेरे को सहाव्या माळ्यावर उचलून नेणार कोण, तुम्ही?”

सेक्रेटरी काहीतरी पुटपुटले आणि पंपरूमच्या बाजूला गेले. मेन स्विच तिथेच होता. लिफ्टचा दिवा लागला. कागद अजून तसाच चिकटलेला. बाईंनी दार सरकवलं, आत गेल्या आणि मागे वळून बघितलं. काकांची ड्यूटी नुकतीच संपली होती. तो दाराशी खाटेचा एक पाय हातात घेऊन उभा होता.

“आओ भैया, आओ. वजन लेके सीढ़ी क्यूँ?”

तो तसाच उभा. इतक्या वर्षांत त्या लिफ्टमधून त्याने सगळ्यांच्या पिशव्या, सिलिंडर, पिठाच्या गोण्या वर नेल्या होत्या. नंबर नेहमी दुसऱ्यांचा दाबलेला. मी म्हटलं, “चला काका.” तो आत शिरला. सेक्रेटरी बघत होते. त्याने हात पुढे करून चार नंबरचं बटण दाबलं.

पुढच्या महिन्यात कमिटीने सिक्युरिटी एजन्सी लावली आणि काकांची नोकरी गेली. ते होणार हे आम्हाला माहीत होतं. कमिटीला वाटलं असावं, आता पोरगी स्वतःच सोडून जाईल. ती गेली नाही. काकांना मागच्या गल्लीतल्या एका बिल्डिंगमध्ये काम मिळालं. तिथल्या लोकांनी त्यांना पहिल्याच दिवशी नाव विचारलं. आता ते सकाळी डबा घेऊन गेटमधून बाहेर पडतात तेव्हा एजन्सीचा पोरगेलासा गार्ड त्यांना सलाम करतो, कारण त्याला सांगितलंय की चौथ्या मजल्याचे साहेब. काका अजून त्याला परत सलाम करतात.

त्रास संपला असं नाही. लिफ्टमध्ये पाटी लागली की स्टाफने लिफ्ट वापरू नये. मुलगी रोज त्या पाटीसमोर उभी राहून वर-खाली जाते. नेपाळहून पाहुणे आले तर किती दिवस राहणार, अशी विचारणा झाली. तिने उत्तर दिलं, “तुमच्याकडे दिवाळीला आले होते तितके दिवस.” आईने बाल्कनीच्या दांडीवर कपडे वाळत घातले, तर बाहेरून दिसतं म्हणून तक्रार आली. मी आईला म्हटलं, “जरा आतल्या बाजूला घाला, कशाला वाद.” तिने माझ्याकडे असं बघितलं की मला लाजल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी तिने गादीच्या खोळी, रजया, पडदे, सगळं धुऊन त्याच दांडीवर टाकलं. आजूबाजूच्या बाल्कन्यांमध्येही कपडे होतेच. कुणी परत तोंड उघडलं नाही.

अकरा महिने झाले, ॲग्रीमेंट पुन्हा झालं, त्यानंतर आणखी एकदा. मालकीणबाई म्हणतात, आता विकला तर आधी त्या मुलीलाच विचारेन. मुलगी म्हणते, काकू, लोनचं बघून ठेवा. मी बघतेय.

परवा त्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवायला गेले. बरोबर मणिपूरच्या दोन मुली होत्या, मॉलमध्ये कामाला. पंपरूमला आता कुलूप आहे, आत झाडू आणि रंगाचे डबे ठेवतात. चेअरमन लिफ्टपाशी उभे होते. त्यांनी मुलींकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“मैडम, अब किसको लाए हो?”

“भाडेकरू,” मी म्हटलं आणि लिफ्टचं दार सरकवलं.